चार मासे आणि वीस वर्षं

हे चित्र तुम्ही कुठेतरी नक्की बघितलंय. कॉफीच्या मगवर, फोनच्या कव्हरवर, नाहीतर मैत्रिणीच्या हॉस्टेलच्या भिंतीवर लावलेल्या पोस्टरवर. काचेचं उभट भांडं, त्यात चार नारिंगी-लाल मासे, भांड्याखाली गोल टेबल आणि भोवती पानं, फुलं, गुलाबी-जांभळ्याची नुसती उधळण. आणि ते बघितल्यावर मनात पहिला विचार येतो तो बहुतेक हाच, की यात एवढं काय? हे तर मीही काढेन. घरातल्या चौथीतल्या पोरानं काढलेलं चित्र असंच तर असतं. मासे म्हणजे चार फराटे, टेबल धड सरळ नाही, सावली कुठेच नाही.

असं वाटलं म्हणून लाजू नका. या चित्रकाराच्या हयातीत पॅरिसमधल्या भल्या भल्या जाणकारांनाही तसंच वाटत होतं. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवा. हे चित्र काढलं तेव्हा तो 42 वर्षांचा होता, ब्रश हातात धरून त्याला वीसेक वर्षं झाली होती, आणि हुबेहूब मासा कसा काढतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते येत असूनही त्यानं सोडलं. का सोडलं आणि त्यासाठी काय मोजलं, ही आजची गोष्ट.

चित्राचं नाव ‘गोल्डफिश’, साल 1912. चित्रकार आंरी मातीस.

वकिलाच्या ऑफिसातला कारकून

मातीसचा जन्म 31 डिसेंबर 1869 चा, उत्तर फ्रान्समधल्या ल कातो नावाच्या गावातला. तो वाढला जवळच्या बोएँमध्ये. हा सगळा भाग विणकरांचा. वडिलांचं बी-बियाण्यांचं आणि धान्याचं दुकान होतं. आई दुकानातला रंगांचा विभाग सांभाळायची, गिऱ्हाइकांना रंग निवडून द्यायची, हौसेनं चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षीही काढायची. पण घरात कुणाला चित्रकार वगैरे करायचं नव्हतं. मुलगा तब्येतीनं नाजूक, दुकान त्याला झेपणार नाही, तर मग वकिली करू दे, असं ठरलं.

पोरगा मुकाट्यानं पॅरिसला गेला, कायद्याची परीक्षा पास झाला, परत आला आणि सँ काँतँ या गावात एका वकिलाकडे कारकुनी करायला लागला. दिवसभर कागदपत्रांच्या नकला उतरवायच्या. आवड नाही, तक्रारही नाही. आपल्या ओळखीत असे किती तरी जण असतात, हो ना? दुसऱ्यानं भरून दिलेल्या फॉर्मवर आपण नुसती सही केलेली असते.

विशीच्या उंबरठ्यावर असताना त्याला अपेंडिक्सचा त्रास झाला. त्या काळात हे दुखणं साधं नव्हतं. कित्येक महिने अंथरुणात पडून काढायचे होते. वेळ जावा म्हणून आईनं त्याला एक रंगपेटी आणून दिली. झालं. त्या पेटीनं त्याचं सगळं आयुष्य फिरवलं. बरा झाल्यावर तो सकाळी ऑफिसच्या आधी चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागला. हा वर्ग कापडावरचे नमुने काढणाऱ्या कारागिरांसाठी होता. 1891 मध्ये त्यानं घरी सांगून टाकलं, की वकिली बंद, मी पॅरिसला चित्रकला शिकायला जातोय.

घरात काय झालं असेल ते मी वेगळं सांगायला नको. वडील भडकले. शेवटी मोठ्या नाराजीनं दरमहा थोडे पैसे पाठवायला तयार झाले. काही वर्षांनी मुलाची चित्रं बघितल्यावर तेही बंद केले.

लूव्हरमधला मासा

पॅरिसला जाऊन लगेच सगळं जमलं असं काही नाही. 1892 मध्ये तिथल्या सरकारी कला महाविद्यालयाच्या, म्हणजे एकोल दे बोझारच्या, प्रवेश परीक्षेत तो नापास झाला. पण ग्युस्ताव्ह मोरो या शिक्षकाला त्याच्यात काहीतरी दिसलं आणि त्यानं प्रवेश नसतानाच त्याला आपल्या वर्गात बसू दिलं. रीतसर प्रवेश मिळाला तो 1895 मध्ये, वयाच्या पंचविशीत. बरोबरची बरीच मुलं वयानं लहान. त्यात 1894 मध्ये तो एका मुलीचा बापही झाला होता. तिचं नाव मार्गरीत.

मोरो मुलांना वर्गात कोंडून ठेवत नसे. रस्त्यावर जा, माणसं काढा आणि लूव्हर संग्रहालयात जाऊन जुन्या उस्तादांच्या नकला करा, असा त्याचा आग्रह. मातीसनं त्या नकला वर्षानुवर्षं केल्या. अशी नकल करताना चित्रकाराचा हात कुठे थांबला, कुठे वळला, रंगाचा कुठला थर आधी दिला, हे सगळं शोधावं लागतं. त्यानं ज्यांच्या नकला केल्या त्यात अठराव्या शतकातल्या शार्दँचं एक प्रसिद्ध चित्र आहे. स्वयंपाकघरात आकड्याला टांगलेला, पोट फाडलेला पाकट मासा. ओलसर चकाकणारं मांस, आतडी, शेजारी कालवं आणि फणा काढल्यासारखी पाठ उंचावलेली मांजर. बाजारातल्या माशाचा वास यावा इतकं खरं. मातीस या चित्राशी पुष्कळ झगडला. म्हणजे ‘गोल्डफिश’मधल्या त्या चार फराट्यांच्या खूप आधी हा माणूस माशाच्या कातडीवरचा ओलावा कसा रंगवायचा याचा अभ्यास करून बसला होता.

शिवाय या सरळ वाटेवर त्याला यशही मिळत होतं. 1896 मध्ये त्याचं ‘वाचणारी बाई’ हे शांत, करड्या-तपकिरी रंगातलं चित्र फ्रेंच सरकारनं विकत घेतलं. त्याच वर्षी एका प्रतिष्ठित कलासंस्थेचा तो सदस्य झाला. वडिलांना सांगण्यासारखं काहीतरी अखेर हाताला लागलं होतं. असंच काढत राहिला असता तर पोट भरलं असतं, मानमरातबही मिळाला असता.

आणि इथेच त्यानं गाडी रुळावरून खाली उतरवली.

तिजोरी उघडली तेव्हा

1896 आणि 1897 च्या उन्हाळ्यात तो ब्रिटनी किनाऱ्याजवळच्या बेल-ईल बेटावर गेला. तिथे जॉन रसेल हा ऑस्ट्रेलियन चित्रकार राहत होता. हा व्हॅन गॉगचा मित्र. त्यानं मातीसला शुद्ध, धीट रंग काय करू शकतात ते दाखवलं आणि व्हॅन गॉगची रेखाटनंही दाखवली. त्यानंतर मातीसच्या पॅलेटवरचा तपकिरी रंग मागे पडत गेला.

1898 मध्ये त्यानं आमेली पारेर हिच्याशी लग्न केलं. ही बाई या गोष्टीतली तितकीच महत्त्वाची व्यक्ती आहे. मार्गरीतला तिनं आपली मुलगी मानून वाढवलं, पुढे दोन मुलगे झाले. नवऱ्याची चित्रं विकली जात नव्हती तेव्हा तिनं टोप्यांचं दुकान काढलं. त्याच्यासमोर मॉडेल म्हणून तासन् तास बसली. 1899 मध्ये घरात पैशांची चणचण असताना मातीसनं सेझानचं स्नान करणाऱ्या स्त्रियांचं एक छोटं चित्र विकत घेतलं, तेव्हाही ती पाठीशी उभी राहिली. ते चित्र त्यानं कितीही अडचण आली तरी विकलं नाही. 37 वर्षं जवळ ठेवून शेवटी पॅरिस शहराच्या संग्रहालयाला देऊन टाकलं.

1900 च्या जागतिक प्रदर्शनासाठी ग्राँ पॅले ही भव्य इमारत सजवली जात होती. तिथे पानांच्या माळा रंगवायच्या कामावर हा तीस वर्षांचा चित्रकार मजुरी करत होता.

1902 मध्ये तर आभाळच कोसळलं. आमेलीचे आईवडील पॅरिसमधल्या हुंबेर नावाच्या बड्या घराण्याकडे विश्वासातले कर्मचारी होते. तेरेझ हुंबेर ही बाई आपल्याला अफाट वारसा मिळणार असं सांगून वर्षानुवर्षं कर्ज उचलत होती. त्या वारशाचे कागद म्हणे एका तिजोरीत होते. तिजोरी उघडली तेव्हा आत जवळजवळ काहीच निघालं नाही. हजारो लोक बुडाले, आणि काहीही कल्पना नसलेले आमेलीचे आईवडील या चिखलात ओढले गेले. सासऱ्यांना अटक झाली, मातीसच्या स्टुडिओची झडती झाली. पुढे सासरे निर्दोष सुटले, पण दुकान गेलं, पैसा गेला, तब्येती गेल्या. मातीस बायकामुलांना घेऊन बोएँला परतला. तेच गाव, तेच वडील. त्याची झोप उडाली ती जवळजवळ कायमचीच. चित्रकला सोडून द्यावी असं त्याच्या मनात येऊन गेलं.

त्यानं ती सोडली नाही. पण हा काळ लक्षात ठेवा, कारण पुढची चित्रं बघून कुणालाही वाटेल की हा माणूस खाऊनपिऊन सुखी असणार.

रानटी रंग

1905 चा उन्हाळा त्यानं भूमध्य समुद्राकाठच्या कोलियूर या मासेमारीच्या गावात काढला. बरोबर त्याच्यापेक्षा तरुण मित्र आंद्रे देरँ. तिथल्या लख्ख उजेडात दोघांनी ठरवलं, की वस्तूचा रंग जसा असतो तसाच लावायची सक्ती आपल्यावर नाही. झाडाचं खोड लाल असू दे, चेहऱ्यावर हिरवा पट्टा येऊ दे. रंगानं वस्तूची ओळख पटवण्यापेक्षा तिच्याकडे बघताना काय वाटलं ते पोचवावं.

शरद ऋतूत पॅरिसच्या सालों दोतॉन या प्रदर्शनात ही चित्रं लागली. मातीसनं आमेलीचं एक चित्र ठेवलं होतं, ‘टोपीवाली स्त्री’. हिरवं नाक, जांभळ्या-निळ्या छटांचा चेहरा आणि डोक्यावर रंगांचा डोंगर. लोक हसायला आले, चिडून गेले. एका समीक्षकानं या चित्रकारांना रानटी जनावरांची उपमा दिली आणि तेच नाव चिकटलं. फ्रेंचमध्ये फॉव म्हणजे रानटी श्वापदं. कलेच्या इतिहासात आजही या शैलीला फॉविझमच म्हणतात. गंमत म्हणजे हा रानटी माणूस दिसायला एकदम प्रोफेसर. चष्मा, नीट कापलेली दाढी, वेळच्या वेळी काम आणि फावल्या वेळात व्हायोलिन.

ज्या चित्राला लोक हसले ते लिओ आणि गर्ट्रूड स्टाइन या अमेरिकन भाऊ-बहिणीनं 500 फ्रँकला घेतलं. मातीसचे दिवस पालटायला तिथून सुरुवात झाली.

मॉस्कोचा कापडव्यापारी

मातीसला खरा आधार दिला तो सर्गेई श्चुकिन या मॉस्कोच्या कापडव्यापाऱ्यानं. पॅरिसवाले ज्यावर थुंकत होते ते हा माणूस गाडीभर विकत घेत होता. त्याच्याकडे मातीसची एकूण 37 चित्रं जमली. 1910 मध्ये त्याच्या घराच्या जिन्यासाठी मातीसनं ‘नृत्य’ आणि ‘संगीत’ ही दोन प्रचंड चित्रं केली. लाल माणसं, हिरवी जमीन, निळं आकाश, बस्स. पॅरिसमध्ये इतकी टिंगल झाली की श्चुकिनचाही धीर सुटला आणि त्यानं ती नाकारली. पण मॉस्कोला परतताना मन बदललं, तारेनं कळवलं, की चित्रं पाठवा. त्याच सुमारास मातीसचे वडील वारले. मुलाचं नाव झालेलं त्यांनी बघितलं, पण ते कसलं नाव, हे त्यांना कितपत पटलं असेल?

1911 च्या शरदात मातीस मॉस्कोला गेला. तिथे जुन्या रशियन चर्चमधल्या धार्मिक चित्रांनी तो वेडा झाला. सपाट आकार, सोपी रेघ, भडक लाल-सोनेरी रंग. त्याआधी 1910 मध्ये म्युनिकला त्यानं इस्लामी कलेचं मोठं प्रदर्शन बघितलं होतं. गालिचे, लघुचित्रं, नक्षीकाम. खोली, दूरता, छायाप्रकाश यांचा युरोपीय हिशेब न मांडताही चित्र किती भरलेलं असू शकतं, हे तो या सगळ्यातून शिकत होता. आपण ज्याला बाळबोध म्हणू, त्यामागे शतकानुशतकांचा विचार होता.

माशांकडे बघत बसलेली माणसं

1912 च्या जानेवारीअखेर मातीस आणि आमेली मोरोक्कोतल्या टँजिअरला पोचले. उजेडासाठी गेले होते आणि पाऊस थांबेचना. दोनेक आठवडे हॉटेलच्या खोलीत अडकून पडले. मग उघडीप झाली आणि धुतलेली हिरवाई, निळंशार आकाश समोर आलं.

टँजिअरमध्ये त्यानं एक गोष्ट पाहिली असं सांगतात. कॅफेत माणसं बसलेली असत आणि समोरच्या भांड्यातल्या सोनेरी माशांकडे कितीतरी वेळ नुसती बघत असत. कुणाला घाई नाही, कुणी काही सिद्ध करत नाही. पुढच्या वर्षी त्यानं ‘अरबी कॅफे’ नावाचं मोठं चित्र काढलं, त्यात अगदी हाच प्रसंग आहे. ज्या माणसाला रात्र रात्र झोप लागत नव्हती, त्याला या बघण्याचं काय वाटलं असेल ते तुम्हीच ठरवा.

वसंतात तो पॅरिसजवळच्या इसी-ले-मुलिनोच्या आपल्या घरी परतला. इथे बाग होती, काचेचं छोटं पानघर होतं, स्टुडिओ होता. तिथे त्यानं माशांचं भांडं झाडांमध्ये ठेवलं आणि ‘गोल्डफिश’ रंगवलं. माणसाच्या छातीएवढं उंच चित्र. श्चुकिननं तेही मॉस्कोला नेलं.

आता पुन्हा ते चित्र फोनवर उघडा आणि जरा थांबून बघा.

भांडं तुम्हाला समोरून दिसतंय, पण टेबल जणू वरून बघितल्यासारखं उभं केलंय. एका नजरेत हे शक्य नाही. म्हणजे आपण या टेबलाभोवती फिरतोय, वाकून बघतोय. मासे काचेतून दिसतात आणि वर पाण्याच्या पृष्ठभागावर पुन्हा दिसतात, तुटक नारिंगी ठिपक्यांसारखे. पाण्यातली वस्तू बाजूनं आणि वरून वेगळी दिसते, हे तुम्ही अकरावीच्या फिजिक्समध्ये प्रकाशाच्या अपवर्तनात शिकलात. इथे ते चार ब्रशच्या फटकाऱ्यांत आलंय.

आणि रंग? एलिमेंटरी-इंटरमिजिएटला रंगचक्र काढलं असेल तर आठवा, विरोधी रंग शेजारी आले की एकमेकांना पेटवतात. नारिंगी-लालच्या भोवती त्यानं हिरवा आणि निळसर रंग ठेवलाय, म्हणून मासे त्या भांड्यात दिव्यासारखे लागलेत. मासा म्हणून खवले, डोळे, पर यातलं फारसं काही नाही. पाण्यात तरंगणारा एक उष्ण रंग, एवढंच. हे सगळं एका दमात, सहज केल्यासारखं दिसतं. मेहनत दिसू द्यायची नाही, बघणाऱ्याला फक्त विसावा मिळावा, हा मातीसचा हट्ट होता आणि तो त्यानं शेवटपर्यंत पाळला.

तेच मासे, काळी पट्टी

1914 मध्ये महायुद्ध सुरू झालं. मातीसनं सैन्यात भरती व्हायचा प्रयत्न केला, वयामुळे आणि तब्येतीमुळे त्याला नाकारलं. बोएँ जर्मनांच्या ताब्यात गेलं, म्हातारी आई तिकडे अडकली, भावाला इतर गावकऱ्यांबरोबर कैद करून नेलं. मातीसनं छापचित्रं विकून त्या कैद्यांसाठी मदत पाठवली. आणि त्यानं पुन्हा गोल्डफिश रंगवले. तेच भांडं, तेच मासे, पण मधोमध वरपासून खालपर्यंत एक रुंद काळी पट्टी. हे चित्र आज न्यूयॉर्कला आहे. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघा. 1912 चे मासे म्हणजे सुखी माणसाचा विरंगुळा होता असं मग वाटणार नाही.

मॉस्कोतल्या चित्राचंही नशीब काही सरळ नव्हतं. क्रांतीनंतर 1918 मध्ये सोव्हिएत सरकारनं श्चुकिनचा सगळा संग्रह ताब्यात घेतला. श्चुकिन परदेशी गेला आणि 1936 मध्ये पॅरिसमध्ये वारला. 1948 मध्ये स्टालिनच्या काळात ही चित्रं असलेलं संग्रहालयच बंद झालं, चित्रं दोन शहरांत वाटली गेली आणि काही वर्षं भांडारात पडून राहिली. आज ‘गोल्डफिश’ मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात आहे.

कात्री

पुढची वर्षं भराभर सांगतो. मातीस दक्षिणेला नीसला स्थायिक झाला, जगभर नाव झालं. पण कामापुढे घर कायम दुसऱ्या क्रमांकावर राहिलं आणि 1939 मध्ये आमेली त्याच्यापासून वेगळी झाली. थोर माणसाच्या गोष्टीत हे वाक्य पटकन उडवून लावतात. इतकी वर्षं जिच्या जिवावर घर उभं राहिलं त्या बाईच्या बाजूनं ते एकदा वाचा.

1941 च्या जानेवारीत लिआँमध्ये पोटाच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन झालं. तो वाचेल असं फारसं कुणाला वाटलं नव्हतं. वाचला, पण त्यानंतर बराचसा काळ पलंग आणि चाकाची खुर्ची. 1944 मध्ये प्रतिकार चळवळीत काम केलं म्हणून गेस्टापोनं आमेली आणि मार्गरीतला पकडलं. आमेली सहा महिने तुरुंगात होती. मार्गरीतचे हाल हाल केले. जर्मनीतल्या छळछावणीकडे निघालेल्या गाडीतून ती वाटेतच सुटली म्हणून वाचली.

उभं राहून ब्रश चालवणं कठीण झालं, तेव्हा मातीसनं कात्री हातात घेतली. मदतनीस मोठमोठे कागद पोस्टर कलरसारख्या दाट रंगांनी रंगवून द्यायचे आणि हा बसल्या बसल्या थेट कापायचा. पेन्सिलची खूण नाही, खोडरबर नाही. 1946 मध्ये पॅरिसच्या घरात भिंतीवरचा डाग झाकायला म्हणून त्यानं पांढऱ्या कागदाचा एक पक्षी कापून लावला. मग दुसरा आकार, मग तिसरा. सोळा वर्षांपूर्वी तो ताहितीला गेला होता, तिथल्या पाण्यात पोहला होता. ते सगळं आता त्या भिंतीवर उतरायला लागलं. शेवाळ, पोवळी आणि मासे. चार रेघांचेसुद्धा नाहीत, कात्रीच्या एका वळणाचे मासे. जवळपास 77 वर्षांचा, पोटावर मोठ्या शस्त्रक्रियेची खूण असलेला माणूस लहान मुलासारखा कागद कापत बसला होता. 3 नोव्हेंबर 1954 ला नीसमध्ये तो गेला, तोपर्यंत त्याचं काम चालूच होतं.

आता तुमचं ते पहिलं वाक्य. हे तर मीही काढेन. मग काढाच ना! वही घ्या, नारिंगी खडू घ्या, चार मासे काढा. त्यातला एक तरी पाण्यात तरंगतोय असं वाटतं का ते बघा. नाही वाटलं तर पान उलटा आणि पुन्हा काढा. तुम्ही इंजिनीअरिंगला असा, लॉला असा, नाहीतर अजून काहीच ठरलेलं नसू दे. मातीसच्या हातात पहिली रंगपेटी आली तेव्हा तो तुमच्याच वयाचा होता, आणि त्यालाही मासे काढता येत नव्हते.